दीर्घ आणि समाधानी वार्धक्याची तयारी: कोणत्या कामाला आधी हात घालावा

म्हातारपणाच्या तयारीचा विषय निघाला की बोलणे बहुधा पैशापासून सुरू होते आणि पैशाशीच संपते. पैसा लागतोच, आणि त्याविषयी पुढे लिहिलेही आहे. परंतु उतारवयात ज्यांच्यावाचून अडते अशा कितीतरी गोष्टी ऐन वेळी वाटेल तेवढा पैसा मोजूनही मिळत नाहीत. खुर्चीतून आधाराशिवाय उठता येण्याइतकी मांडीतली ताकद, मध्यरात्रीही ज्याला फोन करता येईल असा मित्र, आणि आपण बोलू शकत नसताना आपल्या मनातले नेमके जाणणारे माणूस, या गोष्टी वर्षानुवर्षे घडवाव्या लागतात. म्हणून तयारीचा क्रम ठरवताना रकमेपेक्षा वेळेकडे पाहावे, आणि जे उभे राहायला सर्वांत जास्त काळ लागतो ते सर्वांत आधी सुरू करावे, असे माझे ठाम मत आहे. पुढची मांडणी साधारण त्याच क्रमाने केली आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकाला या क्रमाचा सर्वाधिक लाभ होईल. सत्तरी ओलांडलेल्यांनी मात्र आता उशीर झाला असे समजू नये. त्याचे कारण ओघात येईलच.

आधी ८५व्या वर्षाचा एक दिवस लिहून काढा

‘निरोगी राहायचे आहे’ हे ध्येय इतके मोघम आहे की त्यातून कोणतीही कृती निघत नाही. त्याऐवजी एक कागद घ्यावा आणि ८५व्या वर्षी एका साध्या दिवसात आपल्याला कोणती कामे स्वतःच्या हाताने करायची आहेत ती लिहावीत: अंघोळ करणे, जिना चढणे, बाजारातून पिशवी आणणे, जमिनीवर बसून उठणे, गर्दीत चाललेले बोलणे ऐकू येणे, औषधाच्या पाकिटावरचा बारीक मजकूर वाचणे, स्वतःचे बँकेचे व्यवहार कळणे. मग प्रत्येक कामापुढे त्यासाठी शरीराचे किंवा मनाचे काय शाबूत असायला हवे ते लिहावे.

या यादीचे खरे मोल शरीरात दर दशकाला होणाऱ्या घटीमुळे कळते. श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, ही क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी उतरते. म्हणजे ५० ते ८० या तीस वर्षांत, काहीच केले नाही तर, तिचा चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग निघून जातो. आज दोन मजले चढताना ज्याला दम लागतो त्याला ८०व्या वर्षी एक मजलाही जड जाईल, हे त्या आकड्यात आजच दिसते. म्हणून ८५व्या वर्षी जे करायचे आहे त्यापेक्षा बरेच अधिक आज सहज जमले पाहिजे. आनुवंशिकतेवर सगळे सोपवून मोकळे होणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते: डेन्मार्कमधील जुळ्या भावंडांच्या अभ्यासात आयुष्याच्या लांबीतील फरकांपैकी सुमारे चौथा हिस्साच आनुवंशिक असल्याचे दिसले.

पायांची ताकद आणि तोल

माझ्या मते संपूर्ण तयारीतला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचे सुमारे ३ ते ८ टक्के वस्तुमान कमी होते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहून लवकर उतरते, आणि झटकन जोर लावण्याची क्षमता तर ताकदीच्याही आधी जाते. ठेच लागल्यावर पाय पटकन पुढे टाकून तोल सावरणे हे याच क्षमतेचे काम असल्याने माणसे पडू लागतात. ६५ वर्षांवरील लोकांपैकी साधारण एक तृतीयांश लोक वर्षातून एकदा तरी पडतात. त्यातून खुब्याचे हाड मोडले तर अनेकांचे स्वतंत्र चालणे-फिरणे कायमचे संपते. अंथरुणाला खिळणे किती महाग पडते हे २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले: निरोगी वृद्धांना केवळ १० दिवस झोपवून ठेवले असता त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो चरबीविरहित वस्तुमान, म्हणजे मुख्यतः स्नायू, कमी झाले. आजारपण केव्हा येईल हे कोणाच्या हाती नाही. ते येण्यापूर्वी पायांत शिल्लक किती असावी हे पुष्कळसे आपल्या हाती आहे.

सुरुवात मोजमापाने करावी. हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीवर घ्यावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. ६० ते ६४ या वयोगटात पुरुषांना १४ आणि स्त्रियांना १२ वेळाही जमत नसेल, तर ताकद सरासरीपेक्षा कमी आहे असे धरतात. दुसरी चाचणी एका पायावर १० सेकंद उभे राहण्याची. ती करताना पकडायला ओटा किंवा टेबल हाताशी असावे. आकडे तारखेसह वहीत लिहावेत आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा पाहावेत.

व्यायामाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे: आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताण देणारे व्यायाम, आणि ६५ नंतर किमान तीन दिवस तोल व ताकद यांचे एकत्रित व्यायाम. पुष्कळ लोक यातले पहिलेच, म्हणजे चालणे, करतात आणि व्यायाम झाला असे मानतात. चालणे हृदयासाठी उत्तम आहे, परंतु सपाट रस्त्यावर चालून मांडीची ताकद फारशी वाढत नाही. ती वाढवण्यासाठी खुर्चीतून उठ-बस, पायरीवर चढ-उतार, टाचा उचलणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे आणि दोन्ही हातांत वजनदार पिशव्या घेऊन चालणे एवढे प्रकार घरच्या घरी पुरतात. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, अशा दोन-तीन फेऱ्या कराव्यात. शेवटच्या दोन वेळा कठीण वाटल्या पाहिजेत. १२ वेळा सहज जमू लागले की वजन वाढवावे किंवा खुर्चीची उंची कमी करावी. उठताना झटकन उठावे आणि बसताना सावकाश बसावे, म्हणजे ताकदीबरोबर चपळताही टिकते. छातीत दुखणे, अनियंत्रित रक्तदाब, हाडांचा तीव्र ठिसूळपणा किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा.

उशीर झाला असे मानणाऱ्यांसाठी १९९०मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास फार धीर देणारा आहे. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सरासरी नव्वदीतल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा जोरकस वजन-व्यायाम करून घेतला. तो पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीचपटीहून अधिक झाली.

याच्या जोडीला जमिनीवरून उठण्याचा सराव धडधाकट असतानाच करून ठेवावा. पडल्यावर लगेच उठण्याची घाई न करता आधी कुठे दुखते ते पाहावे. फार दुखत नसेल तर कुशीवर वळावे, कोपरावर आणि मग हातावर भार घेऊन गुडघे व तळहात टेकावेत, तसेच रांगत खुर्चीपर्यंत जावे, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवावेत, जो पाय अधिक बळकट आहे त्याचा तळवा पुढे जमिनीवर टेकवावा आणि हातापायांनी एकदम जोर लावून उठावे. मग वळून खुर्चीवर बसावे. एकट्याने राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत पडण्याइतकेच पडून राहणेही घातक ठरते, म्हणून ही कृती अंगवळणी पडलेली असावी.

आहाराविषयी येथे थोडक्यात एवढेच, की वयपरत्वे भूक कमी होते पण प्रथिनांची गरज कमी होत नाही, उलट वाढते. निरोगी ज्येष्ठांनी शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे तज्ज्ञांचे मत आहे, आणि ती एकाच जेवणात न घेता दिवसभरात विभागावीत. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. जीवनसत्त्व ब-१२ उतारवयात अन्नातून नीट शोषले जाईनासे होते, त्यामुळे त्याची तपासणी करून घेणे श्रेयस्कर.

रक्तदाब, कान, डोळे आणि औषधांची पिशवी

स्मृतिभ्रंशाची भीती सर्वांनाच वाटते, आणि त्यावर उपाय म्हणून शब्दकोडी सोडवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. शब्दकोडी जरूर सोडवावीत. परंतु ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये ज्या १४ टाळता किंवा कमी करता येण्याजोग्या कारणांची यादी दिली, तीत उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, अतिमद्यपान, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार, दृष्टिदोष आणि बहिरेपण आहे. या सर्व कारणांवर इलाज झाला तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडेल, असा आयोगाचा अंदाज आहे. यातली बरीच कारणे मध्यमवयातच आपले काम करून जातात. म्हणून चाळिशीपासून रक्तदाब नियमित मोजावा, आणि ‘काही त्रास होत नाही’ या सबबीवर गोळी बंद करू नये. वाढलेला रक्तदाब बहुधा त्रास देतच नाही, आणि तोच त्याचा धोका आहे.

कानांविषयी थोडे आग्रहाने लिहितो. चष्मा लावायला कोणी लाजत नाही, पण श्रवणयंत्राची गोष्ट काढली की माणसे वर्षानुवर्षे टाळाटाळ करतात. ऐकू कमी येणारा माणूस आधी समारंभात गप्प बसतो, मग समारंभाला जाणे टाळतो, आणि घरच्यांना तो विक्षिप्त किंवा विसराळू झाल्यासारखा वाटतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, ज्या वृद्धांना बौद्धिक घसरणीचा धोका अधिक होता त्यांच्यात श्रवणोपचारामुळे ही घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली. धोका कमी असलेल्यांत असा फरक दिसला नाही. पन्नाशीनंतर दर दोन-तीन वर्षांनी श्रवणचाचणी करून घ्यावी, आणि यंत्र सुचवले गेले तर लवकर घ्यावे, कारण त्याची सवय होण्यासाठी मेंदूला काही आठवडे ते महिने द्यावे लागतात. डोळ्यांच्या तपासणीत मोतीबिंदूबरोबर काचबिंदूही पाहायला सांगावे. त्यात गेलेली दृष्टी परत मिळत नाही.

औषधांचा आढावा वर्षातून एकदा घ्यावा. घरातली सर्व औषधे, दुकानातून परस्पर आणलेली आणि ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेलीसुद्धा, एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांसमोर ठेवावीत आणि प्रत्येकाविषयी ‘हे अजून लागते का’ असे विचारावे. वृद्धांसाठी जोखमीच्या औषधांची पहिली मोठी यादी अमेरिकेतील डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१मध्ये केली आणि ती आजही वेळोवेळी सुधारली जाते. झोपेच्या अनेक गोळ्या आणि सर्दीवरची गुंगी आणणारी जुनी औषधे तीत आहेत, कारण त्यांनी तोल जातो आणि मनाचा गोंधळ उडतो. फ्लू, न्यूमोनिया आणि नागीण यांवरच्या लसींविषयीही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

माणसे आणि दिवसाला आकार देणारे काम

हार्वर्ड विद्यापीठातील एक अभ्यास १९३८पासून चालू आहे; त्यात आरंभी ७२४ पुरुषांच्या आयुष्याचा मागोवा घेतला गेला. वयाच्या पन्नाशीत नातेसंबंधांत समाधानी असणे हा ऐंशीतील आरोग्याचा कोलेस्टेरॉलपेक्षाही चांगला निदर्शक ठरला, असे त्याचे संचालक डॉ. रॉबर्ट वाल्डिंगर यांनी सांगितले आहे. १४८ अभ्यासांच्या २०१०मधील एकत्रित विश्लेषणातही, भक्कम सामाजिक संबंध असलेल्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक आढळली.

याची तयारी कशी करायची? प्रथम एका कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: अडचणीत मी कोणाला बोलावीन, मनातले कोणाशी बोलेन, आणि कोणाच्या संगतीत मला हसू येते. तिन्ही ठिकाणी एकच नाव, म्हणजे बहुधा पती किंवा पत्नीचे, येत असेल तर हे धोक्याचे चिन्ह आहे. ती व्यक्ती आधी गेली तर सगळेच एकदम जाईल. कार्यालयातले स्नेहसंबंध निवृत्तीनंतर वर्षभरात विरतात असा अनेकांचा अनुभव आहे, कारण ते भेटण्याच्या सोयीवर उभे असतात. म्हणून निवृत्तीच्या पाच-सात वर्षे आधीच, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी माणसे एकत्र येतात अशा एखाद्या कामात शिरावे: वाचनालय, गायन, शिकवणे, झाडांची निगा, सेवाकार्य, काहीही चालेल. ‘कधीतरी भेटू’ यापेक्षा ‘दर गुरुवारी पाच वाजता’ ही योजना कितीतरी टिकाऊ असते. आपल्यापेक्षा दहा-वीस वर्षांनी लहान असलेली मित्रमंडळीही जोडावीत. दीर्घायुष्याचे एक दुःख असे, की समवयस्क एकेक करून निघून जातात, आणि ज्याचे सगळे स्नेही समवयस्कच आहेत तो नव्वदीत एकटा पडतो.

निवृत्तीनंतरचा वेळ भरण्याइतकेच तो कोणाला तरी उपयोगी पडणेही महत्त्वाचे आहे. जे काम करायचे मनात आहे ते नोकरीत असतानाच सुट्टीच्या दिवशी सहा महिने करून पाहावे; दुरून आवडलेली कितीतरी कामे प्रत्यक्षात आवडत नाहीत, आणि हे निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. शक्ती उतरू लागल्यावर काय करावे याचे सुंदर उदाहरण मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस देत असत. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांनी वृद्धपणी मोजक्याच रचना निवडल्या, त्यांचा सराव वाढवला, आणि जलद भागाच्या आधीचा भाग अधिक संथ वाजवून जलद भाग अधिक वेगवान भासवला. कमी निवडणे, निवडलेले घोटणे आणि उणीव युक्तीने भरून काढणे या तीन गोष्टी स्वयंपाकापासून लेखनापर्यंत कोणत्याही कामाला लागू पडतात.

पैसा किती काळ पुरवायचा

येथे सर्वांत मोठी चूक आयुष्य कमी धरण्याची होते. हिशेब सरासरी आयुर्मानावर करू नये, कारण जवळजवळ निम्मी माणसे सरासरीच्या पुढे जगतात. दांपत्याने तर दोघांपैकी जो अधिक जगेल त्याच्या ९५व्या वर्षापर्यंतचा हिशेब मांडावा. दुसरी चूक महागाई विसरण्याची. ६ टक्के महागाईत पैशाची किंमत १२ वर्षांत निम्मी होते, आणि आज १०० मध्ये भागणाऱ्या खर्चाला ३० वर्षांनी सुमारे ५७४ लागतात.

वर्षभर प्रत्यक्ष खर्च लिहून काढावा आणि त्याचे तीन भाग करावेत: टाळता न येणारा, आवडीचा आणि आजारपणाचा. टाळता न येणारा खर्च शक्यतो मरेपर्यंत मिळणाऱ्या निवृत्तिवेतनासारख्या उत्पन्नातून भागावा. एक ते दोन वर्षांचा खर्च लगेच काढता येईल असा ठेवावा, म्हणजे बाजार पडलेला असताना गुंतवणूक तोट्यात मोडावी लागणार नाही. निवृत्तीच्या पहिल्या काही वर्षांतली अशी मोड सर्वाधिक नुकसान करते, कारण मागे राहिलेली रक्कम पुन्हा वाढायला अपुरी पडते. दरवर्षी शिलकीच्या ४ टक्के काढावेत असे सांगितले जाते, परंतु अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४मध्ये मांडलेला तो नियम थोडा वेगळा आहे: पहिल्या वर्षी ४ टक्के काढायचे आणि पुढे तीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत न्यायची. शिवाय तो अमेरिकी बाजाराच्या इतिहासावर आणि ३० वर्षांच्या कालावधीवर बेतलेला आहे, तेव्हा तो जसाच्या तसा सर्वत्र लावू नये.

सत्तरीच्या आत खाती आणि गुंतवणुका कमी व सुटसुटीत कराव्यात, आणि कोणताही मोठा व्यवहार विश्वासातल्या एका माणसाशी बोलून आणि एक रात्र मध्ये जाऊ देऊनच करावा, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. घाई करायला लावणे हीच फसवणाऱ्यांची मुख्य युक्ती असते. जिवंतपणी सर्व मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करून रिकामे होणे, माणसे कितीही जवळची असली तरी, मला योग्य वाटत नाही.

घर

घरातले बदल आपण चालते-फिरते असतानाच करावेत. सैल गालिचे काढावेत, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा असावा, पलंगापासून शौचालयापर्यंत रात्री उजेड असावा, न्हाणीघरात आधाराच्या दांड्या भिंतीत पक्क्या बसवाव्यात. टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलत नाही. घराची दुरुस्ती निघालीच तर दारे ८० सेंटिमीटरहून थोडी रुंद करून घ्यावीत, म्हणजे पुढे चाकाची खुर्ची आत जाऊ शकेल. घर बदलायचे असेल तर ते नव्या ओळखी करण्याइतका उत्साह असताना बदलावे.

कागदपत्रे आणि त्याआधीचे बोलणे

मृत्युपत्र मृत्यूनंतर उपयोगी पडते. त्याआधीची काही वर्षे, म्हणजे जिवंत असूनही निर्णय घेता येत नाही असा काळ, बहुतेकांच्या तयारीतून सुटतो. त्यासाठी दोन वेगळे दस्तऐवज लागतात: आर्थिक व्यवहारांसाठी मुखत्यारपत्र, आणि उपचारांविषयी आपली इच्छा व आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती नोंदवणारे वैद्यकीय इच्छापत्र. अनेक देशांत साधे मुखत्यारपत्र देणाऱ्याची निर्णयक्षमता जाताच निरुपयोगी ठरते, त्यामुळे आपल्या देशात कोणती तरतूद आहे हे वकिलाला नेमके विचारावे.

कागदापेक्षा बोलणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते अवघड आहे. निवडलेल्या व्यक्तीला शांत वेळी समोर बसवून सांगावे, की कोणती अवस्था आपल्याला जगण्यालायक वाटते आणि कोणती नाही. कृत्रिम श्वासोच्छ्वास किती दिवस चालेल. शेवटचे दिवस घरी काढायचे की रुग्णालयात. ही निवड भावनेपेक्षा स्वभाव पाहून करावी: दडपणाखालीही डॉक्टरांना प्रश्न विचारू शकेल आणि स्वतःची नव्हे तर आपली इच्छा पाळेल, असे माणूस हवे. इतर जवळच्यांनाही ही निवड कळवावी, म्हणजे ऐन वेळी वाद होणार नाहीत. हे दस्तऐवज दर पाच वर्षांनी, आणि विवाह, मृत्यू, मोठा आजार किंवा स्थलांतर झाल्यावर पुन्हा वाचून बदलावेत. मृत्युपत्राची मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली तरी चालेल, परंतु वैद्यकीय इच्छापत्र तेथे ठेवू नये, कारण त्याची गरज बहुधा रात्री-अपरात्री पडते. त्याची एक प्रत नेमलेल्या व्यक्तीकडे, एक डॉक्टरांकडे आणि एक घरात सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावी.